थोमाईचे तांदूळ

माझी धाकटी बहीण थोमाई ‘शेवटचा किनारा’मध्ये गेली त्या हिवाळ्यात बाबा नाकातल्या नळीनेच श्वास घ्यायला लागले होते. त्यावरून पुष्कळांनी तिला नावं ठेवली. पण तिला जा म्हणून सांगितलं ते बाबांनीच, आणि ते सांगताना मी समोर होते.

‘शेवटचा किनारा’ म्हणजे तो कार्यक्रम, ज्यात वीस माणसांना महासागरापलीकडच्या एका उष्ण बेटावर नेऊन सोडतात, उपाशी ठेवतात, चिखलातून पळवतात, आणि घरी बसलेले लोक जेवता जेवता फोनवरून ठरवतात कोण राहणार आणि कोण जाणार. थंडी पडली की तो सुरू होतो आणि उन्हाळा आला तरी संपत नाही. रविवार सोडला तर रोज रात्री नऊला. ग्रीसमधल्या व्होलोस शहरातल्या आमच्या निया योनिया वस्तीत त्या वेळी कुणाकडे जायचं झालं तर एकतर बघायला जायचं, नाहीतर जायचंच नाही.

थोमाई शाळेत खेळ शिकवायची. हंगामी शिक्षिका. दर सप्टेंबरला नवी नेमणूक, दर जूनला पिशव्या भरून परत. एका वर्षी लेरोस, एका वर्षी इकारिया, एकदा असं बेट की तिथे सगळ्या शाळेत मिळून अकरा मुलं होती आणि वारा सुटला की चेंडू समुद्रात. लग्न करायचं राहून गेलं, घर करायचं राहून गेलं. त्या वर्षी तर नेमणूकही आली नाही. ती व्होलोसला येऊन बाबांच्या सोफ्यावर झोपायला लागली, आणि एक दिवस तिने जेवताना सांगितलं की तिने अर्ज केला होता आणि तिला निवडलंय.

“एवढी वर्षं मला बेटांवर फेकतायत,” ती म्हणाली. “एकदा आपल्या मर्जीने जाऊन बघते.”

बाबा हसले, मग खोकले, मग बराच वेळ नुसता हात वर धरून थांबले. “जा,” ते म्हणाले. “इथे बसून काय करणार? माझा खोकला मोजणार?”

“मोजायला पोली आहे,” थोमाई म्हणाली.

“हो ना,” मी म्हणाले. “पोली आहेच.”

पोली म्हणजे मी, पोलिक्सेनी. तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. नवऱ्यापासून वेगळी झालेली, मुलगा जर्मनीत, राहायला बाबांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर, आणि खाली रस्त्याला लागून कपडे आखूड-लांब करून देण्याचं माझं दुकान. बाबांचं मी करायचं असं कधी कुणी ठरवलं नव्हतं. पाणी उताराकडे जातं तसं ते माझ्याकडे आलं.

तर थोमाई गेली आणि आमच्या संध्याकाळी सुरू झाल्या. मी दुकान बंद करून बाबांना सूप भरवायची, अंग पुसायची, उशा लावून बसवायची. कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असायचं, त्यावर आवाज चढवून टीव्ही. नऊ वाजले की समोरच्या घरातली म्हातारी कीरा फ्रोसो चपला ओढत यायची. तिच्याकडेही टीव्ही होता. पण टीव्हीवर दिसणाऱ्या मुलीच्या बापाशेजारी बसून बघण्यात जी मजा आहे ती तिच्या घरी कुठून येणार?

“बघ, बघ, हाडं दिसायला लागली पोरीची,” कीरा फ्रोसो म्हणायची आणि मी केलेल्या पालक भरलेल्या पाईचा दुसरा तुकडा उचलायची.

“आहेत म्हणून दिसतात,” बाबा म्हणायचे. “तुझी शोधायला माणसं लावावी लागतील.”

बाबांनी पस्तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली होती. उंचावर एकटं बसून खालच्यांना शिव्या घालायची त्यांची सवय शेवटपर्यंत गेली नाही. तो सूत्रसंचालक पडद्यावर आला की ते नळी बाजूला करून त्याच्या आईचा उद्धार करायचे आणि मी नळी परत लावायची. थोमाई दिसली की मात्र गप्प. ती दोरावर चढायची, पडायची, पुन्हा चढायची, आणि बाबांचे हात पांघरुणाखाली दोर ओढत असायचे.

कार्यक्रमवाल्यांनी तिला ‘मास्तरीण’ करून टाकलं होतं. अशा कार्यक्रमात प्रत्येकाला काहीतरी करतातच. एक रडकी, एक भांडखोर, एक प्रेमात पडलेला. थोमाईने कुणाला “भांडं घासून ठेव” म्हटलं की तेवढंच दाखवायचे, वर धोक्याचं संगीत. गिऱ्हाइकं मला विचारायची, “घरीही अशीच का गं तुझी बहीण?” मी तोंडात टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे बोलावं लागायचं नाही.

फेब्रुवारी संपता संपता बाबांचं खाणं सुटलं. एकदा अंग पुसताना ते म्हणाले, “मी गेलो तर तिला बोलावून घेऊ नका.”

“काहीतरीच काय बोलता, बाबा.”

“मग काय बोलू, हवापाण्यावर? ऐक. मेलेल्यासाठी कुणी समुद्र ओलांडू नये, मेलेला काही उठून दार उघडत नाही. आणि त्या कॅमेऱ्यासमोर तिला सांगू नका. माणसाने रडावं ते आपल्या घरात, दार लावून.”

मी हो म्हटलं. आजारी माणसाला आपण सगळ्यालाच हो म्हणतो.

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी, मी स्वयंपाकघरात सूप गाळत असताना ते गेले. यंत्र चालूच होतं. ते बंद करायचं मला सुचलं नाही. डॉक्टर आला त्याने बंद केलं. आणि मग घर इतकं गप्प झालं की मी जाऊन टीव्ही लावला.

त्याच संध्याकाळी दनाईचा फोन आला. दनाई म्हणजे कार्यक्रमाच्या अथेन्सच्या कचेरीतली मुलगी. स्पर्धकांच्या घरच्यांशी बोलायचं काम तिच्याकडे होतं. मी तिला कळवलं नव्हतं. कुणी कळवलं, देव जाणे.

“पोलिक्सेनीताई, काय बोलावं कळत नाही हो. आम्ही सगळेच हादरलोय.” ती खरंच रडवेली वाटत होती. मग थोडं थांबून म्हणाली, “आता थोमाईला सांगायचं की नाही, ते सर्वस्वी तुम्ही ठरवायचं. आमच्याकडे तिथे मानसोपचारतज्ज्ञ आहेत.”

“सांगा,” मी म्हणाले. “पण एकटीला बाजूला घेऊन. कॅमेरा नको.”

“ते जरा अवघड आहे, ताई. तिथे सगळंच चित्रित होतं. म्हणजे अगदी हळुवारपणे करू आम्ही, लांबून. तिने सहीच केलेली आहे तशी.”

“मग मला फोन जोडून द्या. मी सांगते.”

“फोनवरही ते… म्हणजे तेही येतंच चित्रणात.”

मी भिंतीला टेकून उभी होते. आत बाबांना आंघोळ घालून सूट चढवायला माणसं आली होती, आणि त्यांचा काळा बूट सापडत नव्हता. “मग नका सांगू,” मी म्हणाले. “तिचं ती आल्यावर मी बघते.”

“नक्की ना, ताई? पुढे तिला वाटेल की…”

“पोरी, बूट सापडत नाहीये,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाबांना मातीत ठेवलं. पाद्रीबाबांनी आटोपतं घेतलं, पाऊस भुरभुरत होता. कॉफी आणि ब्रँडी प्यायला माणसं आली, बसली, बंदरावरच्या जुन्या गोष्टी सांगून गेली. जाताना प्रत्येकाने विचारलं, “धाकटी?” मी म्हणायचे, “तिला ठाऊक नाही.” मग ते मान हलवायचे. ती मान माझ्यासाठी हलायची की तिच्यावर, ते कळायचं नाही.

रात्री नऊला कीरा फ्रोसो नेहमीसारखी आली. मीही सवयीने टीव्ही लावलेला. तिकडचं चित्रण चार-पाच दिवसांनी इकडे दिसतं, म्हणून पडद्यावर थोमाई चिखलाच्या डबक्यात कोपरापर्यंत माखून खो खो हसत होती. तिच्या गटाने एक कोंबडी जिंकली होती.

“बाप मातीत, लेक चिखलात,” कीरा फ्रोसो म्हणाली आणि तिने छातीवर क्रूस केला.

मी तिला घराबाहेर काढायला हवं होतं. पण अंगात त्राण नव्हतं, आणि ती गेली असती तर मी एकटी राहिले असते.

दोन दिवसांनी सकाळच्या कार्यक्रमांतून बातमी फुटली. रंगीत सोफ्यांवर बसणाऱ्या त्या बायका हात छातीवर ठेवून बोलायला लागल्या. थोमाईचा फोटो, बाबांचा कुठून तरी मिळवलेला फोटो, आमच्या घराचं दार. सबंध ग्रीसला कळलं की माझे बाबा गेले. फक्त तिला नाही. लोक दुकानात येऊन रडायचे. ज्यांना काही शिवून घ्यायचं नव्हतं तेही यायचे. एका बाईने तर मला मिठी मारून सांगितलं की ती रोज माझ्या बहिणीला मत देते, आणि जाताना तिच्या मुलीच्या झग्याचं माप देऊन गेली.

हे सगळं पुरतं दोन आठवडेही टिकलं नाही. मग तांदळाची भानगड झाली.

त्या बेटावर प्रत्येक गटाला आठवड्याचे तांदूळ मोजून मिळतात. एका सकाळी पडद्यावर दिसलं ते असं: उजाडतंय, बाकीचे झोपलेत, थोमाई उठते, इकडेतिकडे बघते, तांदळाच्या पिशवीत हात घालते, मूठ एका डब्यात टाकते आणि खडकांच्या मागे जाते. मग नुसता धूर. मग ती तोंड पुसत परत येते. एवढंच त्यांनी तीनदा दाखवलं, एकदा अगदी सावकाश. त्यानंतर गटाच्या लोकांना पिशवी हलकी लागली, आरडाओरडा झाला, आणि कुणीतरी विचारलं.

“हो, मी घेतले,” थोमाई म्हणाली.

“का?”

“भूक लागली होती.”

बस्स. ना माफी, ना रडणं. एक तरुण पोरगा, ज्याला ती रोज आपल्या वाट्याचा नारळ फोडून द्यायची, तो तिला म्हणाला, “शिक्षिका आहेस ना तू? हे शिकवतेस मुलांना?”

माझ्या शेजारी कीरा फ्रोसोने हातातला पाईचा तुकडा खाली ठेवला. “अरे देवा,” ती अगदी समाधानाने म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून गल्ली आमच्यावर उलटली. जी काल रडत होती तीच आज चेन बदलायला टाकलेला कोट उचलताना म्हणाली, “बरं झालं बापाने हे पाहिलं नाही.” पोरं दुकानावरून जाताना “राईस, राईस” ओरडायची. एका सकाळी शटर वर करायला गेले तर पायरीशी तांदळाचं पाकीट ठेवलेलं, वर चिठ्ठी: बहिणीसाठी. मी ते घरी नेलं, शिजवलं आणि खाल्लं. चांगला तांदूळ होता.

खरं सांगायचं तर माझाही राग तिच्यावरच होता. मी इथे बाप पुरला, सोफ्यांवरच्या बायकांना तोंड दिलं, आणि हिला मूठभर तांदळाचा मोह आवरला नाही. भूक कुणाला लागत नाही?

त्या आठवड्यात तिला बाहेर काढलं. मतांची टक्केवारी सांगितली तेव्हा कीरा फ्रोसोने टाळी वाजवली आणि मग माझ्याकडे बघून हात खाली घेतले.

दनाईचा फोन आला. “ताई, ती शनिवारी उतरतेय. तिला अजून काहीच माहीत नाही. तुम्ही विमानतळावर सांगणार असाल तर आम्ही एक छोटा कॅमेरा घेऊन लांब उभे राहू.”

“लांब म्हणजे किती? पार लारिसा गावात उभे राहाल?”

ती हसली नाही.

मी पहाटेच्या बसने अथेन्सला गेले. कॅमेरा होताच, खांबाशी. दारातून थोमाई आली ती म्हणजे नुसता चेहरा आणि जॅकेट. नाकाचं कातडं सोललेलं, केस वाळक्या गवतासारखे. मी तिला धरलं. तिच्या पाठीचा मणका न् मणका माझ्या हाताला लागला. रडायचं नाही, रडायचं नाही, असं मी स्वतःला बजावत होते. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि विचारलं, “परतीची बस कितीची?”

दोघी टॅक्सी करून बस अड्ड्यावर गेलो. कॅमेरावाले टॅक्सीपर्यंत मागे आले, मग त्यांनीही नाद सोडला.

बस अर्ध्या वाटेवर थांबते तिथे एक मोठं हॉटेल आहे. ट्रकवाले, सहलीची पोरं, वाफाळणारी कॉफी. थोमाईने चीजपाई घेतली, मग दुसरी, मग आणखी एक. मी कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून बसले होते. वाक्य मी सकाळपासून जुळवत होते. पण जुळवलेलं काही आठवलं नाही.

“थोमाई,” मी म्हणाले, “बाबा…”

“ठाऊक आहे.”

ती खात राहिली. बोटाने ताटलीतले तुकडे टिपून खाल्ले.

“कधीपासून?”

“त्यांच्या नवव्या दिवसाच्या आदल्या दिवसापासून.” तिने हात पुसले. “आर्गिरिस म्हणून एक कॅमेरावाला होता तिथे. बॅटरी बदलायच्या निमित्ताने थांबला. कॅमेरा वाळूत ठेवला, काचेवर टोपण लावलं, आणि म्हणाला, बाई, तुझे वडील गेले, गेल्या मंगळवारी. आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे आणि रोज तुझं तोंड टिपायचं, हे मला जमत नाही. मी सांगितलं असं कुठे बोलू नकोस, माझी नोकरी जाईल. मग त्याने टोपण काढलं आणि परत कामाला लागला. आणि मीही परत लाकडं गोळा करायला लागले. काय करणार? कॅमेरा माझ्यावरच रोखलेला होता.”

मी तिला रोज रात्री बघत होते. उशा लावून, चष्मा घालून, रोज. मला काही कळलं नव्हतं.

“तांदूळ…” मी म्हणाले.

“दुसऱ्या दिवशी नववा होता ना, गहू शिजवून बाबांच्या नावाने वाटायचा. गहू कुठून आणू? तांदूळ होते, नारळाचं खोबरं होतं. डब्यात शिजवले. प्रार्थनेतली दोन वाक्यंसुद्धा धड आठवेनात, तर नुसतं ‘बाबा, बाबा’ म्हटलं. अर्धे समुद्राला दिले, अर्धे खाल्ले.” ती जरा थांबली. “भूकही लागलीच होती. ते काही मी खोटं बोलले नाही.”

“अगं मग सांगायचंस ना! निघून यायचंस!”

“निघायचं तर कारण सांगावं लागतं. त्यांची एक झोपडी आहे, तिथे एकटीला बसवतात आणि समोर दिवा लावून विचारतात, आता तुला कसं वाटतंय. माझ्यात नव्हती ती ताकद, पोली. म्हटलं, लोकांनीच हाकललं तर बरं. मग तांदळाचं बाहेर आलं आणि मला सुटल्यासारखं झालं.”

बाहेर ड्रायव्हर सिगारेट ओढत होता. मला वाटलं, झालं हे एकदाचं. पण ती मान खाली घालून म्हणाली, “परक्या माणसाने सांगितलं मला.”

“बाबांनीच बजावलं होतं तसं. मी शब्द दिला होता.”

“बाबा मेले होते. तू जिवंत होतीस.”

“मग मी काय करायला हवं होतं? तुला त्या लोकांच्या तोंडी देऊ?”

“हो! द्यायचं होतंस. रडले असते सगळ्या देशासमोर, काय झालं असतं? मी तिथे हसत होते, पोली. खेळ जिंकला म्हणून नाचत होते. तुम्ही सगळे बघत होतात.”

तेव्हा माझाही तोल गेला. इतके महिने साठलेलं सगळं त्या पाईच्या चुऱ्यावर सांडलं. “आणि मी? मी काय करत होते ठाऊक आहे? त्यांना उचलत होते, पुसत होते, सूप घशाखाली जात नाही म्हणून गाळत होते. तू दोरावर चढायचीस आणि त्यांचे डोळे कसे व्हायचे! मी रोज त्यांना खाटेवरून उठवत होते, माझ्याकडे कधी तसं बघितलं नाही त्यांनी. बूटसुद्धा मी एकटीने शोधला!”

शेजारच्या टेबलावरची मुलं वळून बघायला लागली. एकाने थोमाईला ओळखलं. फोन वर केला.

“हो,” थोमाई म्हणाली. मग तिने फोनवाल्या मुलाला खुणेने खाली ठेव म्हटलं, आणि शाळेतल्या बाईंचा हात असतोच तसा, त्याने ठेवला.

बसमध्ये आम्ही दोघी झोपलो. व्होलोस आलं तेव्हा ड्रायव्हरने हलवून उठवलं.

नंतर ती आठ दिवस जवळजवळ झोपूनच होती. उठायची, खायची, झोपायची. बाबांच्या खोलीत जायची नाही. दनाईचे फोन चालूच होते. रविवारच्या गप्पांच्या मोठ्या कार्यक्रमात या, प्रेक्षकांना तुमची बाजू ऐकायचीय, लोक विसरतात हो सगळं. एकदा मी फोनवर हात ठेवून थोमाईला म्हटलं, “सांगून टाक ना. एकदा खरं कळलं की सगळ्यांची तोंडं बंद होतील. हीच माणसं तुझ्या पाया पडतील.”

ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. “मग विचारतील, तुला सांगितलं कुणी. आर्गिरिसला दोन मुली आहेत.”

“नाव नको सांगूस.”

“ते शोधतील. आणि समज नाही शोधलं. काय होईल? तेच पुन्हा दाखवतील, आता दुसरं गाणं लावून. मी मूठ भरतेय आणि खाली व्हायोलिन. बाबांच्या नवव्याला व्हायोलिन, पोली? तुला चालेल?”

मला चाललं असतं, खरं सांगते. मला दुकान चालवायचं होतं, रस्त्याने जायचं होतं. पण मी दनाईला नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, “वाईट वाटलं ताई, चांगली संधी होती.” त्यानंतर तिचा फोन कधी आला नाही.

चाळिसाव्या दिवसाचे गहू थोमाईनेच शिजवले. आदल्या दिवशी निवडले, उकडले, स्वच्छ फडक्यावर पसरून वाळवले. बेदाणे, डाळिंबाचे दाणे, अक्रोड, वरून साखरेचा थर, त्यावर चंदेरी साखरगोळ्यांनी बाबांच्या नावाची अक्षरं. मी म्हटलं, जरा वाकडं आलंय. ती म्हणाली, तेही वाकडेच होते.

चर्चमध्ये निम्मी माणसं बाबांसाठी आली होती, निम्मी तिला बघायला. प्रार्थना झाली, आणि ती दाराशी उभी राहून गव्हाच्या छोट्या पुड्या वाटायला लागली. लोक घ्यायचे, पुटपुटायचे, तिच्या डोळ्यांना डोळा न देता पुढे सरकायचे. कीरा फ्रोसोची पाळी आली. तिने पुडी हातात तोलून बघितली.

“हे तरी घरचंच आहे ना गं, पोरी?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या तोंडाशी सगळं आलं. आर्गिरिस, नववा, समुद्र, सगळं. आता बोलतेच, म्हणून मी पुढे झाले.

“घरचंच आहे, कीरा फ्रोसो,” थोमाई म्हणाली. “दोन घे. बाबा म्हणायचे, तुला एकाने होत नाही.”

म्हातारीने दुसरी पुडी घेतली, आणि चर्चच्या पायऱ्या उतरताना मी पाहिलं, ती डोळे पुसत होती. तिचं आणि बाबांचं रोजचं भांडण पंचेचाळीस वर्षांचं होतं. तिलाही आता कुणी उरलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये थोमाईला नेमणूक आली. पुन्हा बेट, पार पूर्वेकडचं, जिथून तुर्कस्तानातले दिवे दिसतात. पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारलं म्हणे, “बाई, तांदूळवाल्या तुम्हीच ना?” ती म्हणाली, “हो. आता मैदानाला चार चकरा.” पालकांनी तक्रार केली नाही. तिथे शिक्षक मिळणं कठीण, त्यांना तांदळाचं काही पडलेलं नव्हतं.

आर्गिरिसने गेल्या वर्षी ते काम सोडलं. आता तो भावाबरोबर चाल्किदाला गाड्यांचे टायर विकतो. ईस्टरला थोमाईला फोन करतो. त्यानेच सांगितलं, आता बोललात तरी हरकत नाही, म्हणून मी हे बोलतेय. कीरा फ्रोसोला अजून सांगितलेलं नाही. सांगेन कधीतरी.

त्या वर्षीच्या ख्रिसमसला मी थोमाईकडे गेले. रात्रभर बोट, मग सकाळभर वारा. तिने मला बंदरावरच्या एकुलत्या एक खाणावळीत नेलं, मासळीचं सूप मागवलं. भिंतीवर टीव्ही होता आणि त्यावर ‘शेवटचा किनारा’, नवीन माणसं, तोच समुद्र. मालक थोमाईला बघून घाईने रिमोट शोधायला लागला.

“राहू दे रे,” ती म्हणाली.

पडद्यावर एक विशीतली मुलगी रडत होती. कुणीतरी तिला काहीतरी म्हटलं होतं, की म्हटलं नव्हतं, असं काहीतरी. थोमाईने चमचा पडद्याकडे केला.

“ही उपाशी आहे,” ती म्हणाली. “बाकी काही झालेलं नाही हिला. जरा जेवली की गप्प होईल.”

मग तिने पावाचा तुकडा मोडून माझ्या ताटलीत ठेवला आणि लिंबू पिळायला घेतलं. बाहेर वारा वाढत चालला होता. मालक म्हणाला, उद्याची बोट बहुतेक सुटणार नाही. मी म्हटलं, नाही सुटली तर नाही सुटली. दुकानाच्या दाराला मी ‘बंद’ची पाटी लावूनच आले होते.